माणूस महाग असलेला देश

पुण्याहून किंवा ठाण्याहून स्टॉकहोमला नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबाचा पहिल्या वर्षाचा अनुभव बहुधा दोन रकान्यांत मांडला जातो. जमेच्या रकान्यात नळाचे निर्धास्त पिता येणारे पाणी असते, फी नसलेली शाळा आणि त्या शाळेतले मोफत जेवण असते, वर्षाला किमान २५ दिवसांची भरपगारी रजा असते. मूल तापाने फणफणले तर आईने किंवा बापाने घरी राहावे आणि त्या दिवसाच्या पगाराचा मोठा भाग सामाजिक विम्यातून मिळावा, ही सोयही त्याच रकान्यात येते. खर्चाच्या रकान्यात धुण्याभांड्याला मावशी नसणे येते, केस कापण्याच्या आणि दुरुस्तीच्या बिलांचा धक्का येतो, सरासरी ३२ टक्क्यांच्या आसपास असलेला स्थानिक प्राप्तिकर, बहुतेक खरेदीवरचा २५ टक्के मूल्यवर्धित कर आणि डॉक्टरच्या भेटीसाठी पाहावी लागणारी वाट येते. मग दोन्ही रकान्यांची वजाबाकी होते आणि घरातल्या प्रत्येकाचे उत्तर वेगळे निघते.

हा ताळेबंद मांडण्याची रीतच मला चुकीची वाटते. ज्या गोष्टी आपण दोन रकान्यांत वेगळ्या लिहितो, त्या एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड आणि आइसलंड या नॉर्डिक देशांतले जीवनमान ज्या पायावर उभे आहे तो पाया एका वाक्यात सांगता येतो: तिथे कोणाच्याही आयुष्यातला एक तास कवडीमोलाने विकत घेता येत नाही. केस कापणारा, बस चालवणारी, म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणारी, रस्ता झाडणारा, या सर्वांचा तास महाग आहे. आपल्याला जी गैरसोय वाटते ती या महागपणाची खूण आहे, आणि ज्याला आपण जीवनमान म्हणतो तेही त्यातूनच आले आहे. परदेशी स्थायिक होण्याचा विचार करणाऱ्याने आणि इथे राहून त्या देशांचे कौतुक करणाऱ्यानेही हे नाते नीट समजून घ्यायला हवे. नाहीतर आपण फळाची इच्छा धरतो आणि झाडाबद्दल कुरकुरतो.

माणूस महाग होणे ही उत्तरेच्या थंड हवेची देणगी नाही. एकोणिसाव्या शतकात हे देश गरीब होते आणि त्यांतली माणसे स्वस्त होती. १८६६ ते १८६८ या काळातल्या दुष्काळात आणि त्यामागून आलेल्या साथींत फिनलंडच्या लोकसंख्येतला सुमारे बारावा हिस्सा मरण पावला. १८५० ते १९३० या काळात स्वीडनमधून बारा लाखांहून अधिक माणसे अमेरिकेला निघून गेली. कोकणातल्या गावांनी मुंबईकडे जाणारी तरणी पोरे पाहिली, तशी स्मोलांड प्रांतातल्या गावांनी बोटीकडे जाणारी पाहिली. त्या स्वीडनमध्ये स्थानिक निवडणुकांत मतांचे वजन मालमत्तेवर ठरत असे, त्यामुळे काही खेड्यांत एकट्या जमीनदाराची मते बाकीच्या सगळ्या गावापेक्षा जास्त भरत. सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना समान मताधिकार मिळून पहिली निवडणूक झाली ती १९२१ मध्ये. त्यानंतरही १९३१ साली ओडालेन खोऱ्यात मोर्चा काढणाऱ्या कामगारांवर लष्कराने गोळीबार केला आणि पाच जण ठार झाले. आज शांततेसाठी ओळखला जाणारा हा देश त्या काळी संप आणि टाळेबंदी यांसाठी प्रसिद्ध होता.

बदल घडला तो वाटाघाटींच्या टेबलावर. डेन्मार्कमध्ये १८९९ साली मालकांच्या संघटनेने सुमारे साडेतीन महिने टाळेबंदी चालवली. सप्टेंबरमध्ये तडजोड झाली ती अशी: कारखाना कसा चालवायचा हे मालक ठरवतील, आणि संघटना करून एकत्रितपणे मजुरी ठरवण्याचा कामगारांचा अधिकार मालक मान्य करतील. स्वीडनमध्ये असाच करार डिसेंबर १९३८ मध्ये स्टॉकहोमजवळच्या साल्टशोबाडेन या गावी झाला. सरकारने मजुरीच्या प्रश्नात हात घालायचा नाही, दोन्ही पक्षांनी समोरासमोर बसून करार करायचा आणि केलेला करार पाळायचा, हे त्याचे सार होते. म्हणूनच आपल्याला चकित करणारी एक गोष्ट आजही खरी आहे: स्वीडन आणि डेन्मार्क या देशांत कायद्याने ठरवलेले राष्ट्रीय किमान वेतन नाही. तिथे वेतनाची खालची पातळी सामूहिक करार ठरवतात. स्वीडनमध्ये सुमारे दोन तृतीयांश नोकरदार कामगार संघटनांचे सदस्य आहेत आणि दर दहांपैकी जवळपास नऊ जणांची नोकरी कोणत्या ना कोणत्या सामूहिक करारात येते. त्या सदस्यांत इंजिनिअर, शिक्षक आणि डॉक्टरही आहेत.

या करारांना अर्थशास्त्राची जोड दिली ती स्वीडनच्या कामगार महासंघातल्या गोस्टा रेन आणि रुडॉल्फ माइडनर या दोन अर्थतज्ज्ञांनी. १९५१ च्या महासंघाच्या अधिवेशनापुढे त्यांनी जो विचार मांडला तो वरवर पाहता उलटा वाटतो. समान कामाला समान वेतन द्यायचे, मग ती कंपनी भरपूर नफ्यात असो वा जेमतेम तगलेली असो. जी कंपनी ते वेतन देऊ शकत नाही ती बंद पडली तर पडू द्यायची. तिला जगवण्यासाठी तिथल्या कामगारांनी कमी पगारावर राबायचे नाही. बेकार झालेल्यांना नवे कौशल्य शिकवून, गरज पडल्यास गाव बदलायला मदत करून, वाढत्या उद्योगात काम मिळवून देणे ही सरकारची जबाबदारी. उलट बाजूने, जोरात चालणाऱ्या कंपन्यांतल्या कामगारांनी मनाला येईल तितकी वाढ मागायची नाही, म्हणजे त्या कंपन्यांकडे नवी यंत्रे घ्यायला पैसा उरेल. थोडक्यात, वाचवायचे ते माणसाला, त्याच्या जुन्या नोकरीला नाही. नॉर्वेचे अर्थतज्ज्ञ कार्ल ओवे मोएने यांनी याचा परिणाम नेमका टिपला आहे: अशा समाजात साधा कामगार महाग आणि इंजिनिअर तुलनेने स्वस्त पडतो, म्हणून उद्योजकाला स्वस्त हातांवर पैसे कमावता येत नाहीत, त्याला डोके लढवावेच लागते. दापोडी, चिंचवड आणि चाकणच्या रस्त्यांवर सँडविक, अल्फा लावाल, अ‍ॅटलस कॉप्को, एसकेएफ, टेट्रा पॅक अशी स्वीडनमध्ये जन्मलेली नावे पुणेकर रोज वाचतात. एक कोटीच्या आसपास लोकसंख्येच्या देशातून इतक्या जागतिक कंपन्या निघाल्या, यामागे महाग मजुरीचा अडथळा नव्हता. तिने लावलेली सवय होती.

हीच सवय घराच्या चार भिंतींत उतरली. स्वीडनमधल्या जुन्या वसाहतींत तळमजल्यावर सर्वांसाठी एक धुलाईघर असते. प्रत्येक घराने आपली वेळ आधी नोंदवायची, धुवायचे, वाळवायचे आणि पुढच्यासाठी जागा स्वच्छ करून जायचे. १९४३ साली स्थापन झालेल्या आयकियाने फर्निचर सुटे करून चपट्या खोक्यांत विकले आणि ते जोडण्याचे काम ग्राहकावर सोपवले; जिथे सुताराचा तास महाग आहे तिथेच ही कल्पना इतकी रुजू शकते. घरकाम मात्र यंत्रांनी सगळे संपत नाही. उरलेले कोणी करायचे, हा प्रश्न तिथे नवरा-बायकोच्या मध्ये येऊन उभा राहिला, कारण तो तिसऱ्या बाईच्या खांद्यावर टाकण्याची वाटच बंद झाली होती. आणि तो राजकीय प्रश्न झाला. स्वीडनने १९७१ पासून नवरा-बायकोची कर आकारणी वेगळी केली, म्हणजे बायकोच्या पगारावर नवऱ्याच्या पगारामुळे चढा कर लागेना. १९७४ मध्ये बाळंतपणाच्या रजेची जागा पालकांच्या रजेने घेतली. आज ती ४८० दिवसांची असून त्यातले ९० दिवस प्रत्येक पालकासाठी राखीव आहेत, बापाने घेतले नाहीत तर ते वाया जातात. २००२ मध्ये पाळणाघरांच्या फीवर कमाल मर्यादा आली. २४ ऑक्टोबर १९७५ या दिवशी आइसलंडमधल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांनी नोकरीला आणि घरकामाला एकदमच सुट्टी दिली. देश ठप्प झाला, आणि पाच वर्षांनी त्याच देशाने विग्दिस फिनबोगादोत्तिर यांना राष्ट्राध्यक्षपदी निवडून दिले.

आपल्याकडच्या शहरी मध्यमवर्गाने याच प्रश्नाचे वेगळे उत्तर शोधले. शिकलेली स्त्री नोकरीला बाहेर पडली आणि तिच्या घरचे काम दुसऱ्या स्त्रीकडे गेले. त्या दुसऱ्या स्त्रीचे मूल कोण सांभाळते, तिला ताप आला तर पगार कापला जातो का, साठीनंतर तिचे काय होते, हे प्रश्न घराबाहेर राहिले. यात कोणा एका कुटुंबाचा दोष काढण्यात अर्थ नाही. अनेक घरांत मावशींशी जिव्हाळ्याचे नाते असते, अडीअडचणीला हात दिला जातो. पण जिव्हाळा हा हक्क नसतो. तो देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असतो. नॉर्डिक देशांनी केले ते एवढेच, की जे आपण मालकिणीच्या चांगुलपणावर सोडतो ते त्यांनी करारात आणि कायद्यात लिहिले. म्हणून तिथे गेलेल्या मराठी जोडप्यातला पुरुष पोळ्या लाटायला आणि बाळाचे लंगोट बदलायला शिकतो तेव्हा त्याच्यातला गुण अचानक उजळलेला नसतो. दुसऱ्याच्या स्वस्त श्रमाचा आडोसा गेला, की समता घरात यावीच लागते.

मजुरी समान पातळीवर आणली तरी आजारपण, शिक्षण आणि म्हातारपण यांचे ओझे ज्याचे त्याने उचलायचे असेल तर समता टिकत नाही. म्हणून सार्वजनिक सेवा हा या व्यवस्थेचा दुसरा खांब आहे, आणि त्यांचे वैशिष्ट्य असे की त्या फक्त गरिबांसाठी नाहीत. फिनलंडमधले शाळेचे जेवण मंत्र्याच्या आणि सफाई कामगाराच्या मुलाला एकाच भांड्यातून वाढले जाते. बाळाच्या कपड्यांची आणि दुपट्यांची सरकारी पेटी तिथे १९३८ पासून गरीब मातांना मिळू लागली आणि १९४९ पासून सर्वच मातांना. वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे या अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवून दिले की ज्या देशांत मदत केवळ गरिबांपुरती राखली जाते तिथे ती पुरेशी राहत नाही, आणि जिथे सगळे एकाच योजनेत असतात तिथे विषमता अधिक घटते. याचे कारण सरळ आहे. आपले मूल ज्या शाळेत जाते तिचे छत गळू नये याची काळजी मध्यमवर्ग घेतो. ज्या शाळेशी त्याचा संबंध नाही, तिच्या छताकडे त्याचे लक्ष जात नाही. यांतल्या बहुतेक देशांत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४० टक्क्यांच्या वर रक्कम करांतून गोळा होते, आणि लोक ती देतात कारण ती डोळ्यांसमोर परत येताना दिसते.

कर देणाऱ्याला आपला शेजारीही तो देतो याची खात्री लागते, आणि इथे उघडेपणाची भूमिका येते. सरकारी कागद नागरिकाला पाहता यावेत हे तत्त्व स्वीडनने १७६६ च्या कायद्यातच मान्य केले. स्वीडन, फिनलंड आणि नॉर्वे या देशांत कोणी किती उत्पन्न दाखवले ही माहितीही सार्वजनिक असते. नॉर्वेत आता ती कोणी पाहिली हे संबंधित माणसाला कळते. संबोधनातही हा बदल उतरला. १९६७ मध्ये स्वीडनच्या वैद्यकीय मंडळाचे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी यापुढे आपण सर्व सहकाऱ्यांना एकेरीतच हाक मारणार असे जाहीर केले, आणि काही वर्षांत पदव्या आणि आदरार्थी बहुवचन रोजच्या बोलण्यातून जवळपास नाहीसे झाले. साहेबांना अहो-जाहो आणि शिपायाला अरे-तुरे करणाऱ्या भाषेत वाढलेल्यांना याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. या सगळ्याला त्या लोकांच्या स्वभावातला प्रामाणिकपणा समजण्याची घाई मात्र करू नये. रीडर्स डायजेस्टने २०१३ मध्ये सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटे मुद्दाम पाडून पाहिली होती. हेलसिंकीत अकरा परत आली, आणि दुसरा क्रमांक नऊ पाकिटांसह मुंबईचा होता. इतक्या लहान प्रयोगावर सिद्धान्त उभारता येत नाही, पण माणसांच्या सचोटीत आपण उणे आहोत ही समजूत बाजूला ठेवायला तो पुरेसा आहे. फरक पडतो तो सचोटीला संस्थांची साथ मिळते की नाही, यामुळे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: हे छोटे, एकजिनसी आणि श्रीमंत देश, नॉर्वेकडे तर तेल, त्यांना हे परवडते. पण कालक्रम पाहिला की हा आक्षेप ढिला पडतो. शाळेत मोफत जेवण देण्याचा कायदा फिनलंडने १९४३ मध्ये केला, सोव्हिएत संघाशी युद्ध चालू असताना, आणि तो लागू झाला १९४८ मध्ये, युद्धभरपाईचे हप्ते चुकते करत असताना. डेन्मार्कचा सामाजिक सुधारणांचा मोठा राजकीय समझोता १९३३ मध्ये, जागतिक मंदीच्या काळात झाला. श्रीमंती नंतर आली. समतेचे करार आधी झाले. तेलाचे म्हणाल तर जमिनीखाली तेल सापडलेल्या देशांची यादी मोठी आहे, पण त्यातल्या फार थोड्यांत ते सर्वांच्या मालकीचे राहिले. नॉर्वेत ते राहिले यात एका परदेशी माणसाचा मोठा वाटा आहे. बसरा शहरात जन्मलेले भूगर्भशास्त्रज्ञ फारूक अल-कासिम हे १९६८ मध्ये नॉर्वेजियन पत्नीसह, आजारी मुलाच्या उपचारांसाठी, इराकमधली मोठी नोकरी सोडून नॉर्वेत आले. पुढच्याच वर्षी एकोफिस्कचे तेलक्षेत्र सापडले. तेलावर राष्ट्राचे नियंत्रण कसे राहावे याचा आराखडा करणाऱ्यांत ते होते, आणि १९७२ मध्ये स्थापन झालेल्या तेल संचालनालयात त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९९० च्या कायद्याने तेलाच्या उत्पन्नाचा निधी उभा राहिला आणि १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या सार्वजनिक गुंतवणूक निधींपैकी एक आहे, आणि त्यातून खर्च होतो तो मुद्दलाच्या अपेक्षित परताव्याइतकाच. एकजिनसी समाजालाच हे जमते असे म्हणणाऱ्यांनी अल-कासिम यांचे नाव लक्षात ठेवावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे देश स्वतःच ती वाट सोडत आहेत. याला नकार देता येत नाही. १९८० च्या सुमारास स्वीडनमध्ये उत्पन्नाची विषमता अत्यंत कमी होती. त्यानंतर ती सतत वाढत गेली. तिथला वारसा कर २००४ च्या अखेरीस गेला, संपत्ती कर २००७ मध्ये. उत्पन्नाच्या तुलनेत संपत्तीची विषमता तिथे बरीच मोठी आहे. १९९२ नंतर सरकारी पैशांवर खासगी कंपन्या शाळा चालवू लागल्या आणि मुलांची विभागणी वाढली. माझ्या मुद्द्याशी सर्वांत जवळचा वाद १९९३ मध्ये सुरू झाला. घरकामासाठी माणूस ठेवणाऱ्याला कराची सूट द्यावी अशी सूचना आली आणि देशभर खडाजंगी झाली. तो वाद ‘मोलकरीण-वाद’ याच अर्थाच्या शब्दाने ओळखला जातो. एका बाजूचे म्हणणे होते की यामुळे चोरीछुपे होणारे काम उजेडात येईल आणि कमी शिकलेल्यांना रोजगार मिळेल. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की सर्वांच्या कराच्या पैशाने सुखवस्तू घरांना पुन्हा नोकर मिळवून दिले जात आहेत. २००७ मध्ये सूट आली आणि मजुरीच्या निम्म्या रकमेपर्यंत ती मिळते. आज ही कामे करणाऱ्यांत परदेशातून आलेल्या स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. समता एकदा मिळवली की कायम राहते, असे या इतिहासातून दिसत नाही. ती टेबलावर ठरली होती, त्यामुळे टेबलावर मोडताही येते. तरीही एक फरक उरतो: सूट मिळालेल्या त्या कामावरही पावती फाटते, कर भरला जातो, आजारपणाची रजा आणि निवृत्तिवेतनाचा हक्क जमा होतो. जिथून आपण सुरुवातही केलेली नाही, तिथून ते माघारी येत आहेत.

तिसरा आक्षेप स्थलांतरितांचा आहे आणि तो तिथे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने गंभीरपणे घ्यावा. जिथे खालचे वेतन उंच आहे, तिथे आत शिरण्याची पायरीही उंच असते. भाषा न येणाऱ्या, कमी शिकलेल्या माणसाला इतक्या पगाराचे काम मिळायला वर्षे जातात. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. अरबी वळणाच्या नावांपेक्षा स्वीडिश नावांना मुलाखतीची बोलावणी दीडपट आली. स्टॉकहोममध्ये भाड्याचे घर रांगेत मिळते आणि ती रांग वर्षानुवर्षांची असते; जन्मापासून तिथे असलेला पुढे उभा असतो आणि नवा माणूस शेवटी. सरकारी ओळखीचा वैयक्तिक क्रमांक मिळेपर्यंत बँकेपासून दवाखान्यापर्यंत सगळे अडते. जंगलातली बेरी वेचायला थायलंडहून आणलेल्या मजुरांची पिळवणूक उघडकीला आली आहे. करारांची ही तटबंदी आतल्यांना जपते, पण दाराबाहेर उभ्या असलेल्याला ती भिंत वाटते. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वीडनने परदेशी कामगाराला परवान्यासाठी देशातल्या मध्यम वेतनाच्या किमान ८० टक्के पगाराची अट घातली, आणि गेल्या काही वर्षांत हे सर्वच देश प्रवेशाचे नियम कडक करत आले आहेत.

म्हणूनच तिथे राहायला जाणाऱ्याने स्वतःला ग्राहक समजू नये. चांगला पगार घेऊन, मुलांना इंग्रजी शाळेत घालून, फक्त आपल्या माणसांत राहून, पाच वर्षांनी परतण्याच्या बेताने राहणाऱ्याला त्या देशाचे रस्ते आणि बागा मिळतात, पण त्याच्या समतेत वाटा मिळत नाही. तो मिळतो सभासदाला. भाषा शिकणे हे सभासदत्वाचे पहिले पाऊल आहे. स्वीडनमध्ये स्थलांतरितांसाठी सरकारी खर्चाने भाषा शिकवण्याची व्यवस्था १९६५ पासून आहे. दुसरे पाऊल कामगार संघटनेचे सदस्य होणे. आपल्या उच्चशिक्षितांना युनियन हा शब्द कारखान्याच्या फाटकाशी जोडलेला वाटतो. तिथे मात्र नोकरीत अन्याय झाला तर बाजूला उभी राहणारी तीच संस्था असते. तिसरे पाऊल मुलाच्या शाळेतल्या पालकसभेला, सोसायटीच्या श्रमदानाच्या दिवसाला, स्थानिक क्रीडामंडळाला हजर राहणे. गोथेनबर्ग, कोपनहेगन, हेलसिंकी इथे मराठी मंडळी हौसेने गणपती बसवतात; वर्गणी, स्वयंसेवक, हिशेब आणि वेळच्या वेळी आवराआवर हे सार्वजनिक गणेशोत्सवाचे शहाणपण त्या समाजांच्या रीतीला अगदी जवळचे आहे. तेच शहाणपण मंडपाबाहेर नेले तर त्या देशात परके राहण्याचे दिवस कमी होतील.

शेवटचा आक्षेप आपल्या घरातला आहे: भारतात माणूस स्वस्त आहे म्हणूनच कोट्यवधींना काम मिळते, मजुरी वाढवली तर गरिबाचीच रोजी जाईल. यात तथ्य आहे, आणि रेन-माइडनर यांनी ते ओळखले होते, म्हणूनच वेतनवाढीबरोबर पर्यायी कामाची हमी त्यांनी आवश्यक मानली. पण हे आपल्याला अपरिचित आहे असे कोणी म्हणू नये. १९६९ च्या माथाडी कायद्याने पाठीवर ओझी वाहणाऱ्या हमालांसाठी मालक, कामगार आणि सरकार यांची संयुक्त मंडळे उभी केली. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या या व्यवस्थेत असंख्य मालकांकडे फुटकळ काम करणाऱ्या हमालाला नोंदणी, ठरलेली मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस मिळू लागला. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ मध्ये साऱ्या देशाने तो विचार स्वीकारला. खडी फोडायचे का होईना, पण हक्काचे काम मागता येते हे कळलेल्या मजुराला पडेल त्या मजुरीला नकार देता येतो. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठीही कल्याण मंडळाचा कायदा केला. मात्र धुण्याभांड्याची मजुरी अजून दारातच, तोंडीच ठरते. वाट आपल्याला ठाऊक आहे. आपण तिच्यावर मध्येच थांबलो आहोत.

महाराष्ट्रातल्या पगारदार माणसाच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे अशी व्यवसाय कराची एक ओळ असते. वर्षाचे अडीच हजार. ती कशासाठी कापली जाते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. १९७५ मध्ये तो कर लावला गेला तेव्हा रोजगार हमीसाठी निधी उभा करणे हा त्यामागचा हेतू होता: शहरात पंख्याखाली बसून काम करणाऱ्याने दुष्काळी माळावर उन्हात राबणाऱ्याच्या मजुरीसाठी थोडे द्यावे. स्टॉकहोममध्ये पहिल्या पगाराचा कागद हातात घेऊन कापलेल्या कराच्या आकड्याकडे पाहणाऱ्या मराठी माणसाला तो आकडा परका वाटण्याचे कारण नाही. ती ओळ त्याने घरी असतानाही भरली आहे. तिथे ती ठसठशीत आहे, इथे फिकी झाली आहे. पण लिहिली गेली आहे ती एकाच समजुतीने, की माझे चांगले जगणे दुसऱ्याच्या स्वस्त जगण्यावर उभे राहू नये.